आठव्या ठोक्याची जागा

“दोघं हायत म्हणं. एक बाप्या नि एक बाई.”

“बाई? हॅट्! बाईला असला ठोका जमंल व्हय?”

पेणहून रोह्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोन तरुण बोलत होते. धाटावच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला निघालेले. गडबला बस थांबली तेव्हा रस्त्याकडेच्या टपरीवर ती कॅसेट वाजत होती, त्यावरून विषय निघाला होता. एकाचं म्हणणं, बनवणारे मुंबईचे. दुसऱ्याचं म्हणणं, छे, त्यातला एक परदेशात असतो, म्हणून तर कॅसेटवर नाव टाकत नाहीत.

मी तिकिटाच्या घड्या घालत बसले होते. शेजारी आई होती, तिच्या मांडीवर पापडांचा पत्र्याचा डबा. कॅसेट बनवणाऱ्या दोघांतला बाप्या या वेळी पेणच्या बाजारामागच्या गल्लीत, शनिवार म्हणून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला असणार हे मला माहीत होतं. आणि बाई वीस वर्षांची होती. मागे वळून एक शब्द बोलायची तिची छाती नव्हती.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. पेणमध्ये रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे तसे तिघं-चौघं होते, पण काकांकडे जाण्यासाठी धीर लागायचा. ते यंत्राला काय झालंय असं कधी विचारत नसत. यंत्र टेबलावर ठेवायचे, चहाच्या चमच्याने त्याच्या पाठीवर हलकेच वाजवायचे आणि उजवा कान टेकवून ऐकत बसायचे. गिऱ्हाईक घाईत असलं की म्हणायचे, “यंत्राला घाई कळते. घाई केली की खोटं बोलतं.” मग ते गिऱ्हाईक पंधरा दिवस फेऱ्या मारायचं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते राहू देत नसत. ‘तीन बँडवाले’, ‘फुटक्या काचेची’, ‘भजनाचा डबल डेक’ अशी त्यांची ओळख असायची. मी पहिल्यांदा गेले ती वॉकमन घेऊन. मुंबईच्या मावसभावाने वापरून दिलेला, डाव्या कानातून आवाज न येणारा. काका खूश झाले.

“माझाबी डावाच गेलाय,” ते म्हणाले. “लहानपणी ताप आला, तवापासून. म्हंजे तुझ्या यंत्राला नि मला एकच रोग.”

त्या दिवसापासून मी ‘डावा कान’ झाले. दुकानाच्या पायरीवर दिसले की आतून हाक यायची, “आली का डावा कान?” शाळेत मला नावाने हाक मारली तरी घाम फुटायचा, या नावाला मात्र मी पटकन ओ द्यायचे.

काकांचं कुटुंब या भागातल्या जुन्या यहुदी घरांपैकी. एके काळी घाणा होता, तेलाचा. बहीण, भाऊ, चुलते सगळे एक एक करून इस्रायलला गेले. काका राहिले. का राहिलात असं विचारलं तर म्हणायचे, “इथली रिपेरी संपली नाय ना अजून.” शनिवार हा त्यांच्यात विसाव्याचा वार, त्या दिवशी ते बटणाला हात लावत नसत, गाडीत बसत नसत. त्यांच्यातले इतर लोक इतकं कडक पाळत नव्हते. हा काकांचा स्वतःचा कायदा होता आणि त्यात एक खिडकी होती. शनिवारी मी गेले की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, “कोणी मशीन चालू केलं तर मी काय कान बंद करनार नाय.” मी मशीन चालू करायचे. ते कान बंद करत नसत.

दुकानाच्या मागच्या खोलीत बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचलेले होते. सुतळीने बांधलेल्या त्या डब्यांत कॅसेटी. काका बाजारात जाताना कापडी पिशवीत रेकॉर्डर ठेवायचे, वर मेथीची जुडी, आणि मेथीच्या आत माइक. लोकांना वाटायचं, म्हातारा सारखी मेथीच कशी खातो. त्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मला अजून पाठ आहेत. ‘बाजारातली भांडणं – चांगली.’ ‘बाजारातली भांडणं – साधारण.’ ‘मिठागरातल्या बाया, घरी जाताना.’ ‘मिठागरातल्या बाया, कामावर येताना.’ या दोन डब्यांतला फरक त्यांनी मला एकदा ऐकवला होता. येताना पायांचा आवाज जास्त, जाताना तोंडाचा. आणि एक वेगळा डबा होता, त्यावर फक्त ‘गप्प’. आत ‘गप्प – बँकेतलं’, ‘गप्प – देवळातलं’, ‘गप्प – बहीण गेली त्या दिवशीचं’.

ती बहीण तिकडून पत्रं लिहीत नसे. कॅसेट पाठवायची. एका बाजूला स्वतः बोलायची, दुसरी बाजू भावाच्या उत्तरासाठी कोरी ठेवायची. प्रत्येक कॅसेटची सुरुवात एकच. आधी खरखर, मग घसा साफ करणं, आणि मग जोरात, जणू समुद्रापलीकडे हाक मारावी तसं: “ऐकू येतंय का रे तिकडं?”

काका दर वेळी टेपसमोर मान हलवून म्हणायचे, “व्हय.”

कॅसेट बनवायचं वेड सुरू झालं ते माझ्या वॉकमनमधल्या कॅसेटवरून. मावसभावाने भरून दिलेलं ते परदेशी नाचाचं संगीत होतं. एकच ठोका न थकता चाललेला, आणि त्यावर कुठल्या तरी जुन्या गाण्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येणारा. शब्द नाहीत, गायक नाही. मला ते फार आवडायचं, कारण त्यात कोणीच पुढे येऊन उभं राहत नव्हतं. काकांनी उजव्या कानाने पूर्ण बाजू ऐकली.

“ह्ये कोणतरी कायतरी कुटतंय,” ते म्हणाले.

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, “तुमच्या घरी काय वाजतं गो?”

“काही नाही,” मी म्हटलं.

ते खोटं होतं. आमच्या घरी सकाळी सातपासून पापडाचं पीठ कुटलं जायचं. आई आणि शेजारच्या चार बायका मिळून पापड करत. त्या पापडांवर मी इंग्रजी माध्यमात शिकले, आणि शाळेत कोणी विचारलं तर म्हणायचे, “मम्मीचा बिझनेस आहे.” कसला, ते सांगायचे नाही. पालकांच्या सभेला आई यायची तेव्हा मी हळूच म्हणायचे, “हात पदराखाली घे ना.” तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट टोकाला चेपलेलं होतं आणि त्याचं नख काळं होतं. आई हात पदराखाली घ्यायची.

काकांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त जाताना माझ्या हातात ती मेथीची पिशवी दिली, रेकॉर्डरसकट. “मेथी आईला दे,” म्हणाले. “बाकीचं तुझं तू बघ.”

चार दिवस ती पिशवी माझ्या खाटेखाली पडून होती. पाचव्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं.

आमच्या मागच्या पडवीत दगडी उखळ होतं. शेजारची काकू उभी राहून लोखंडी मुसळाने कुटायची आणि आई उखळाशी बसून पिठाचा गोळा फिरवायची. धम्, धम्, धम्. सात घाव पडले की काकू मुसळ वरच धरायची. तेवढ्यात आई तेलाचा हात आत घालून गोळा उलटा करायची. पुन्हा सात घाव. कोणी मोजत नसे, कोणी बोलत नसे. मी तीन वर्षांची असताना काकू आजारी होती आणि तिच्या जागी आलेल्या नव्या बाईला ही जागा ठाऊक नव्हती. आईचं चेपलेलं बोट त्या दिवशीचं होतं.

काकांच्या दुकानात मी टेपचा तो तुकडा कापला. टेपची दोन टोकं चिकटपट्टीने जोडली की एक माळ होते. ती माळ डेकमधून काढून औषधाच्या बाटलीभोवती फिरवत ठेवायची, की तोच आवाज हवा तितका वेळ येत राहतो. ही युक्ती काकांची. माळ फिरू लागली. काका ऐकता ऐकता थांबले.

“आठवा कुठं गेला? कापताना गळला व्हय?”

“नाही,” मी म्हटलं. खालीच बघत. “तिथे हात असतो.”

काका उठले, पंखा बंद केला, कारण पंख्याचा आवाज मध्ये येत होता. उजवा कान स्पीकरला लावून पुन्हा ऐकलं. खूप वेळ. मग म्हणाले, “तर मंग तिथं कोनी काय भरायचं नाय. मीबी नाय, तूबी नाय.”

तो आमच्या कामाचा एकमेव नियम. बाकी सगळं चालायचं. कुटण्याच्या ठोक्यावर आम्ही बहिणीची हाक टाकली, मिठागरातल्या बायांचं हसणं टाकलं, भांडणातलं एक ‘चांगलं’ वाक्य टाकलं. आखातातून आलेल्या कोणी तरी दुरुस्तीला टाकून विसरलेल्या छोट्या कीबोर्डवर काका दोन बोटांनी तीन सूर वाजवायचे, त्यांच्या घाण्याच्या बैलाला त्यांचे वडील जे गुणगुणायचे ते. डाव्या स्पीकरमधून काय येतंय ते त्यांना कळायचं नाही. मी डावीकडे बसून सांगायचे, “हसणं जास्त झालं. हाक बुडतेय.” ते बटण फिरवायचे. बोलायची मला भीती वाटायची, पण त्या खोलीत मी एवढं बोलायचे की माझं मलाच नवल वाटायचं.

कॅसेट लोकांपर्यंत गेली तीही काकांच्याच पद्धतीने. दुरुस्त झालेल्या प्रत्येक टेपरेकॉर्डरमध्ये ते एक कॅसेट ठेवून द्यायचे. नाव नाही, चिठ्ठी नाही, पांढरी कोरी पट्टी. गिऱ्हाईक घरी जाऊन बटण दाबायचं आणि घरात हाक घुमायची, “ऐकू येतंय का रे तिकडं?” कोणी परत येऊन विचारलंच तर काका म्हणायचे, “टेस्टिंगची हाय. कुठनं आली काय म्हायती.” लोकांचा लगेच विश्वास बसायचा. मेथी खाणाऱ्या म्हाताऱ्यावर कोण संशय घेणार?

लोक तिला ‘कोरी कॅसेट’ म्हणू लागले. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ती रंगकामाच्या वेळी वाजायला लागली. मग हळदींत. मग निडी गावच्या कोणी तरी ती रोह्याला नेली. आणि एक गोष्ट झाली जी आम्ही ठरवली नव्हती. सुरुवातीच्या हाकेला लोक एकसाथ ओरडून उत्तर द्यायचे, “व्हय!” आणि नाचताना सात ठोक्यांवर पाय, आठव्याच्या रिकाम्या जागी दोन्ही हात वर. कोणी शिकवलं नव्हतं. मी एका हळदीत कोपऱ्यात उभी राहून पहिल्यांदा ते पाहिलं, दीडशे हात एकदम हवेत. शेजारी आई बसली होती. तिचा हात वर गेला नाही. तो तिच्या गुडघ्याजवळ किंचित पुढे सरकला, तळवा वळला आणि मागे आला. मी बघितलं. तिने मला बघताना बघितलं. आम्ही दोघी घरी आलो, भात लावला.

मग रोह्याचा बेंजोवाला आला. त्याची बेंजो पार्टी, म्हणजे हळदी-लग्नांत वाजवणारा ताफा, तालुक्यात सगळ्यांत मोठी होती. चमकता शर्ट, गळ्यात जाड साखळी, माणूस हसरा. कीबोर्ड दुरुस्तीला आणला होता.

“काका, ही कोरी कॅसेट कोणाची ओ? तुम्हांला म्हायती असंल.”

“करनारे करतात,” काका म्हणाले आणि त्याच्या कीबोर्डवर चमचा वाजवू लागले.

महिन्याभरात बातमी आली की बेंजोवाला सगळीकडे सांगतो, कॅसेट माझीच. मी धावत दुकानात गेले. काका एका रेडिओच्या पोटात डोकं घालून बसले होते.

“वाजवतोय ना?” ते आतूनच म्हणाले. “वाजवू दे की.”

“पण तो खोटं बोलतोय!”

“मंग तू खरं बोल.”

“तुम्ही बोला. तुमचं ऐकतील.”

काकांनी डोकं बाहेर काढलं. त्यांचा चेहरा एरवी कधी रागावलेला दिसत नसे, आता दिसला.

“ऐक गो. माझं गप्प बसनं मला आवडतं म्हनून हाय. तुझं भीतीचं हाय. ही दोन गप्प एका डब्यात ठेवू नको.”

मी घरी आले आणि दोन दिवस दुकानात फिरकले नाही. शुक्रवारी दुपारी, दुकान बंद व्हायच्या आधी, गेले. सांगितलं की उद्या रोह्याला हळद आहे, शेजारच्या काकूच्या भाचीची, आई पापडांचा डबा घेऊन निघालीय, आणि वाजवायला तो बेंजोवालाच आहे. तुम्ही चला.

“उद्या शनवार,” काका म्हणाले. “मी गाडीत बसत नाय.” मग शटरला हात लावत पुढे म्हणाले, “कान घेऊन चाललीच हायस. तोंडबी ने.”

पुढे काय काय झालं ते आधीच सांगून टाकते. काका म्हणायचे, कॅसेट संपली की बटण आपोआप वर येतं, त्यानंतर कोणी बोलू नये; म्हणून नंतरचं आधी, तो शनिवार शेवटी. तर त्या शनिवारनंतर बेंजोवाला स्वतः पेणला आला, पायरीवर चपला काढून आत बसला आणि म्हणाला, “तो ठोका कसा वाजवायचा ते सांगा.” आईने त्याला आमच्या पडवीत नेलं आणि उखळ दाखवलं. त्याने मुसळ उचललं, सात घाव घातले, वर धरलं, आणि आईचा हात आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याने श्वास घेतला नाही. पुढे तो प्रत्येक हळदीत सांगायचा, “आता पेनच्या दोघांचं.” नाव विचारलं तर म्हणायचा, नावं ते देत नाहीत, बाप्या एक नि बाई एक. आईने त्यानंतर चारचौघांत कधी हात पदराखाली घेतला नाही, आणि मी कधी घे म्हटलं नाही.

कॅसेट बहिणीलाही गेली. तिचं उत्तर आलं ते पहिली पाच मिनिटं नुसतं हसणं. मग म्हणाली, “माझ्या हाकेवर रोहा नाचतंय? आणि मी इकडं भेंडी चिरतेय?” काका पुढच्या वर्षी तिला भेटायला गेले, तीन महिन्यांनी परत आले. डब्यांत एका कॅसेटची भर पडली. ‘गप्प – विमानातलं. भेसळ.’

आजही पेण-रोह्याकडे कुठे हळद असली आणि ती चाल लागली, तर आठव्याला हात वर जातात. ज्यांनी कॅसेट कधी पाहिलीही नाही अशा मुलांचेसुद्धा.

तर तो शनिवार. आम्ही रोह्याला उतरलो तेव्हा चार वाजले असतील. मांडव नदीकडच्या बाजूला होता, नवरी पिवळी होऊन पाटावर बसलेली. बेंजोवाल्याने स्पीकर उंच लावले होते. आधी त्याने कॅसेटमधली हाकच लावली, “ऐकू येतंय का रे तिकडं?” आणि सगळा मांडव ओरडला, “व्हय!” मग कॅसेट थांबवून त्याच्या माणसांनी ठोका हातात घेतला. जोरदार वाजवत होते, ते खोटं कशाला सांगू? एक, दोन, तीन, लोक पुढे सरसावले. सहा, सात. हात वर गेले.

धम्.

आठवा ठोकाही वाजला. वर गेलेले हात तसेच गोंधळून हवेत राहिले. पुन्हा सात, पुन्हा आठवा. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. लुगड्यातली एक आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अरे मेल्या, मधी काय घुसवलंस?”

बेंजोवाला माइकमध्ये मोठ्याने हसला. “आजी, कॅसेटमधी चूक ऱ्हायली होती. बनवली तवा मी घाईत होतो. आता दुरुस्त करून दिली. फुल्ल ठोका! चला!”

पुन्हा सुरू झालं. मी आईकडे बघितलं. ती मांडवाच्या खांबाशी डबा उघडत होती. आठवा ठोका पडला आणि तिने उजवा हात झटकन छातीशी ओढून घेतला. जसा विस्तवापासून ओढतात. पुन्हा आठवा, पुन्हा हात छातीशी. तिला कळतही नव्हतं ती काय करतेय. ती मान खाली घालून पापड मोकळे करत होती आणि दर आठव्याला तिचा हात पळत होता.

मी कशी गेले ते मला नीट आठवत नाही. लोकांना कोपर लागलं असावं, कोणी तरी “ओ ताई” म्हणालं. शाळेत एकदा वक्तृत्वाला उभी राहून मी पहिल्या वाक्यानंतर रडत खाली आले होते. तेव्हापासून बोलायचं झालं की आधी मनात इंग्रजीत वाक्य लावायचे, मग मराठीत, आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची. त्या दिवशी वाक्य लावायला वेळच मिळाला नाही. बेंजोवाल्याने मला बघून हात वर केला, वाजवणारे थांबले. “काय ताई, फर्माइश?” असं म्हणून त्याने माइक माझ्यापुढे धरला. मांडव शांत झाला. काकांनी ते शांत होणं नक्की टेप केलं असतं.

खांबाशी आईने मान वर केली. मी तिच्याकडेच बघत होते.

“चूक नव्हती ती,” मी म्हटलं. माझा आवाज स्पीकरमधून नदीपर्यंत गेला. “कॅसेट मी केलीय. आठव्याला ठोका मारू नका. तिथे माझ्या आईचा हात आहे.”